खुले पत्र: शिक्षा वाढवू नका, पहिले दोन तास सांभाळा

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), मा. पोलीस महासंचालक आणि मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांवरील कारवाई, रक्ताचे नमुने आणि परवाना निलंबन

महोदय,

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण अभियंते गाडीखाली मेले. दोनच महिन्यांनी, ७ जुलैला, वरळीत एक महिला. दोन्ही वेळा मागणी एकच झाली: कायदा कडक करा, दहा वर्षे आत टाका. मोटार अपघातांचे खटले चालवणारे वकील, कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारे वैद्यकीय अधिकारी आणि रक्तातले अल्कोहोल मोजणारे विश्लेषक असे आम्ही काहीजण मिळून आपल्याला जवळजवळ उलटे सांगायला हे पत्र लिहीत आहोत. पुस्तकातली शिक्षा पुरेशी आहे. आरोपी सुटतो तो नाकाबंदी ते प्रयोगशाळा या प्रवासात, आणि त्यातही पहिल्या दोन तासांत.

आधी पुस्तकात काय आहे ते पाहू. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५: रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हे सगळ्यांना ठाऊक असते. कलम २० चे पोटकलम २ मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. १८५ खाली दोषी ठरवताना न्यायालयाने परवान्यासाठी किमान सहा महिने अपात्र ठरवलेच पाहिजे, असे त्यात आहे. ‘ठरवू शकते’ नाही, ‘ठरवील’. प्रत्यक्षात आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, पावती घेतो आणि त्याच गाडीतून घरी जातो. निकालपत्रात कलम २० चे नावही नसते, कारण सरकारी पक्षाने ते मागितलेले नसते. प्रत्येक दोषारोपपत्राच्या शेवटी ‘कलम २०(२) नुसार अपात्रतेचा आदेश व्हावा’ एवढे एक वाक्य छापून टाकावे. त्याला अधिवेशन लागत नाही, आपल्या सहीचे परिपत्रक पुरते.

आता ३० या आकड्याविषयी. ‘दोन पेगनी काय होतंय?’ असे विचारणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा. साठ मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशोबाने सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. सत्तर किलोच्या पुरुषाने ते रिकाम्या पोटी घेतले तर रक्तातला आकडा ४० च्या आसपास जातो. म्हणजे एकाच पेगमध्ये मर्यादा ओलांडली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, दोन लार्ज पेगांच्या बरोबरीची. ‘मी फक्त बिअर घेतली’ ही सबब म्हणून सबबच नव्हे. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच वजनाला तेवढीच दारू जास्त आकडा दाखवते.

खरा धोका उतरण्याच्या हिशोबात आहे. शरीर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल काढून टाकते. माणसागणिक हे १० ते २० असू शकते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, उलटी यांनी हा वेग बदलत नाही. झोपेनेही नाही. रात्री नऊ ते बारा या वेळात एक क्वार्टर (१८० मिलिलिटर) आणि वर एक नाइंटी (९० मिलिलिटर) घेतलेल्या सत्तर किलोच्या चालकाच्या रक्तात सकाळी सात वाजता ४० च्या आसपास अल्कोहोल असू शकते. तोंड धुतले, चहा झाला, वास गेला, आणि तो शाळेच्या बसचे किंवा कंपनीच्या टेम्पोचे स्टिअरिंग धरतो. आपल्या नाकाबंद्या रात्री अकरा ते एक या वेळात असतात. सकाळी सहा ते आठ कोणी तपासत नाही.

एवढ्या आकड्याला माणूस झिंगलेला दिसत नाही, म्हणून तर तो गाडी काढतो. पहिला जातो तो निर्णय, मग एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची क्षमता, मग समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे पूर्ववत होण्याचा वेग. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर गेले. झेब्रा क्रॉसिंगवर आठ मीटर पुष्कळ असतात.

नाकाबंदीचे यंत्र चांगले आहे, वापरण्याची पद्धत नाही. आपल्याकडच्या ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फ्युएल सेल असतो: श्वासातल्या अल्कोहोलचे प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशन होऊन वीज तयार होते, ती मोजली जाते. मधुमेह्याच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनला तो फसत नाही, त्यामुळे ‘साहेबांना शुगर आहे’ हा बचाव इथे चालायला नको. मात्र तो तोंडातल्या अल्कोहोलला फसतो. शेवटचा घोट नुकताच घेतला असेल, माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा ढेकर आला असेल, तर आकडा खोटा वर जातो. उपाय जुना आहे: पंधरा मिनिटे थांबवायचे, तोंडात काही घालू द्यायचे नाही, मग फुंकायला लावायचे. फुंकणे सलग चार ते सहा सेकंद, फुप्फुसाच्या तळाची हवा येईपर्यंत. दर माणसाला नवी नळी. फुंकण्याआधी यंत्राची कोरी चाचणी घ्यायची आणि तिचा शून्य कागदावर छापून घ्यायचा. दोन-तीन मिनिटांनी दुसरी फुंक. दोन आकडे जवळजवळ असले की बचाव पक्षाला उलटतपासणीत धरायला फारसे काही उरत नाही.

आणि ती पावती. थर्मल कागदावरची छपाई वर्ष-दीड वर्षात फिकी पडते, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर आणखी लवकर. खटला उभा राहतो तेव्हा मुद्देमालातून न्यायाधीशांसमोर पांढरा चिटोरा निघतो. त्याच रात्री तिची झेरॉक्स काढून दोन्हींवर चालकाची आणि अंमलदाराची सही घ्या. यंत्राच्या स्मृतीतली नोंद उतरवून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबाबतचे, प्रमाणपत्र सोबत जोडा. यंत्राचे घड्याळ बरोबर आहे का, हे नाकाबंदीला निघतानाच पाहा. पावतीवर पहाटेचे चार आणि स्टेशन डायरीत रात्रीचे बारा, एवढ्या एका विसंगतीवर आरोपी सुटतो. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्र बरोबर मोजते हे तपासल्याच्या, प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक दोषारोपपत्राला लावा. ते सहा महिन्यांपेक्षा जुने असेल तर ते यंत्र बाहेर काढूच नका.

कलम २०२ खाली अटक केलेल्या चालकाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडून द्यावे लागते. पण मोहिमेच्या रात्री व्हॅन एकच असते. ती भरेपर्यंत थांबायचे, मग सहा-आठ जणांना घेऊन रुग्णालयात जायचे. तिथे एकच वैद्यकीय अधिकारी असतो आणि त्याच्यासमोर विषबाधेचा रुग्ण असतो. तालुक्याच्या ठिकाणी तर ग्रामीण रुग्णालयच वीस-पंचवीस किलोमीटरवर. ३१ डिसेंबर, धुळवड, गटारी या रात्री आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असतात. त्या रात्री नाकाबंदीजवळच्या आरोग्य केंद्रात जादा वैद्यकीय अधिकारी नेमायला आरोग्य विभागाला एक पत्र पुरते.

अपघात झाला असेल तर श्वासावर थांबू नये, रक्त घ्यावे. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर.

कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर स्पिरिटचा बोळा नेहमी भिजलेला असतो आणि सिस्टरचा हात सवयीने तिकडेच जातो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. अशा बोळ्याने पुसलेल्या जागेतून घेतलेल्या नमुन्यावर बचावाचा वकील दोन दिवस बोलतो. मुंबई दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांत हे स्पष्ट आहे: रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको, किमान पाच सीसी रक्त, कुपीत गोठणरोधक आणि परिरक्षक, वर लाखेचे सील, आणि नमुना सात दिवसांत प्रयोगशाळेत. (त्याच नियमांत सिरिंज उकळत्या पाण्यात घालायलाही सांगितले आहे. डिस्पोजेबल सिरिंजच्या जमान्यात ‘डॉक्टर, सिरिंज उकळली होती का?’ हा प्रश्न साक्षीदाराच्या पिंजऱ्यात विचारला जाऊ शकतो. तेवढी ओळ तरी बदला.)

रक्त भरण्याच्या नळीचे, म्हणजे बल्बचेही तसेच. शुगर तपासायचा राखाडी टोपणाचा बल्ब हाताशी असतो, म्हणून रक्त त्यातच भरले जाते. त्यात सोडियम फ्लोराइड असते, पण दोन मिलिलिटर रक्तातली साखर काही तास टिकावी एवढेच. अल्कोहोलच्या नमुन्याला मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम फ्लोराइड लागते, सोबत १५ मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट. फ्लोराइड कमी पडले आणि पोलीस ठाण्याच्या कपाटात नमुना चार दिवस उन्हाळ्यात पडून राहिला, की यीस्ट आणि जिवाणू रक्तातल्या साखरेपासून नवे अल्कोहोल तयार करतात. बूच सैल असेल तर उलट होते, असलेले उडून जाते. दोन्ही प्रकारांत अहवालाला अर्थ राहत नाही. बल्ब काठोकाठ भरावा, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावा, चार अंश सेल्सिअसला ठेवावा. प्रयोगशाळेत हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीवर (नमुन्यावरच्या वाफेतून अल्कोहोल मोजण्याची पद्धत) एका नमुन्याचे काम काही मिनिटांचे असते. महिने जातात ते रांगेत.

म्हणून आमची मागणी अशी: प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक कॅज्युअल्टीत सीलबंद संच ठेवावा. त्यात वर सांगितलेल्या मापाचे दोन बल्ब, अल्कोहोल नसलेला बोळा, सिरिंज, लाख, बारकोडची चिठ्ठी आणि मराठीत छापलेले फॉर्म. एक बल्ब प्रयोगशाळेला, दुसरा वेगळ्या ठिकाणी वेगळ्या ताब्यात. कल्याणीनगर प्रकरणात आरोपीचा नमुना बदलला गेल्याचा आरोप न्यायालयापुढे आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण दुसरा बल्ब दुसऱ्याच शहरात असला आणि दोन्हींचा डीएनए जुळवून पाहता आला, तर अशी अदलाबदल करायला दोन रुग्णालये आणि दोन पोलीस ठाणी विकत घ्यावी लागतील. प्रयोगशाळेला नाव कळू नये, फक्त बारकोड कळावा. रक्त काढताना मोबाइलवर चित्रीकरण करा. चेहरा, हाताचा दंड, बल्ब आणि सील एका फ्रेममध्ये.

वांद्र्याच्या २००२ च्या गाजलेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी निर्दोष मुक्तता करताना रक्ताच्या नमुन्याच्या प्रवासावरही बोट ठेवले होते: सहा मिलिलिटर काढलेले रक्त कालिन्याच्या प्रयोगशाळेत चार मिलिलिटर कसे झाले? त्याला दहा वर्षे उलटली. नमुना कोणी, किती वाजता, कोणाकडून घेतला आणि कोणत्या फ्रीजमध्ये ठेवला याचा एकच सलग कागद असावा, हे अजूनही ठाण्याठाण्यावर अवलंबून आहे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक विनंती. प्रमाणपत्रावर ‘मद्य सेवन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही’ हे वाक्य लिहिणे बंद करा. कलम १८५ मध्ये अल्कोहोलसाठी ‘अंमल’ हा प्रश्नच नाही, तिथे फक्त आकडा आहे. चाल, बोलणे, बुबुळे, वास, तपासणीची वेळ यांची नोंद जरूर करा, निष्कर्ष मात्र प्रयोगशाळेवर सोडा. आणि उलट बाजूने, नुसत्या वासावर आणि झोकांड्यांवर दोषसिद्धी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ मध्ये सांगून ठेवले आहे.

वरळीच्या प्रकरणात आरोपी दोन दिवसांनी सापडला. तासाला १५ या वेगाने ४८ तासांत कोणाचेही रक्त कोरे होते. म्हणजे थांबून जखमीला रुग्णालयात नेणारा चालक पकडला जातो आणि पळणारा १८५ मधून सुटतो. पळून गेल्याबद्दल कलम १८७ आहे, पण त्यात पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, म्हणजे दारूच्या गुन्ह्यापेक्षाही स्वस्त. कायदा बदलायचाच असेल तर इथे बदला, केंद्राकडे शिफारस करा. तोवर तपासात दोन गोष्टी होऊ शकतात. एक, लघवीतले इथाइल ग्लुकुरोनाइड, म्हणजे शरीरात अल्कोहोलपासून तयार होणारे द्रव्य. भरपूर दारू झाली असेल तर ते तीन दिवसांपर्यंत सापडू शकते. त्याने गाडी चालवतानाचा आकडा कळत नाही, पण ‘मी थेंबही घेतला नव्हता’ हे खोटे पडते. दोन, बारचे बिल, यूपीआयची नोंद आणि सीसीटीव्ही. कित्येक ठिकाणचे फुटेज काही दिवसांत आपोआप पुसले जाते, तेव्हा ते पहिल्या चोवीस तासांत ताब्यात घ्यायला हवे. बिलावरून पेग मोजता येतात, वेळ मोजता येतो, आणि विश्लेषक अपघाताच्या क्षणीचा आकडा किमान-कमाल असा काढून देऊ शकतो.

मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) लावायचे की १०५ (सदोष मनुष्यवध), यावर वाद होतो. १०६(१) मध्ये पाच वर्षांपर्यंत, १०५ च्या दुसऱ्या भागात दहा. कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, तेव्हा सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षे, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे तेव्हाचे कलम कायम केले. तो निकाल तपास अधिकाऱ्यांनी वाचावा. जनक्षोभ पाहून पहिल्या दिवशी १०५ लावायचे आणि पुढे ‘जाणीव’ (आपल्या कृत्याने कोणी मरू शकतो याची) सिद्ध करणारे काहीच गोळा करायचे नाही, ही पद्धत आरोपीच्याच फायद्याची आहे. मित्राने चावी मागितली होती का, गाडी आणून देणाऱ्या व्हॅलेने अडवले होते का, वाटेत सिग्नल तोडले का, एअरबॅगच्या मोड्युलमध्ये किती वेग नोंदला गेला, हे सारे कागदावर यावे लागते. ज्याने पिलेल्या माणसाच्या हातात चावी दिली त्याला कलम १८८ खाली प्रोत्साहनाबद्दल तीच शिक्षा आहे. ते कलम वापरलेले आम्हाला क्वचितच दिसते.

आमच्या मते शिक्षा म्हणून दंड कुचकामी आहे. दहा हजार रुपयांत रिक्षावाल्याचे घरभाडे आणि किराणा जातो. दीड कोटीची गाडी चालवणाऱ्याला ते त्या रात्रीच्या बिलाहून कमी पडतात. परवाना मात्र दोघांचा एकेकच असतो. कलम २०६(४) नुसार पोलिसांनी तो ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे, आणि कलम १९(१अ) नुसार तिथे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता, दुसऱ्या वेळी परवानाच रद्द. किमान तीन महिने परवाना निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवले होते, आणि पहिल्या गुन्ह्यालाही कैद मागा, असेही. अडते कुठे? चालक डिजिलॉकर दाखवतो, हातात घ्यायला कार्डच नसते. कार्ड घेतले तरी सारथीवर (वाहन परवान्यांच्या सरकारी संगणक प्रणालीवर) नोंद झाली नसेल तर मोबाइलमधला परवाना जिवंतच राहतो आणि पुढच्या चौकात चालतो. नाकाबंदीवरूनच सारथीत ‘ताब्यात’ अशी खूण पडावी आणि आरटीओची सुनावणी पंधरा दिवसांत लागावी. चालकाने तारीख बुडवली तर एकतर्फी आदेश व्हावा.

त्यातच दुसरी मेख आहे. ‘पुन्हा केलेला गुन्हा’ शाबीत करायला आधीची दोषसिद्धी दोषारोपात लिहावी लागते. ठाणे शहरात दोषी ठरलेला माणूस पुण्यात पकडला तर पुण्याचा अंमलदार ठाण्याची नोंद पाहतच नाही. त्यामुळे महाराष्ट्रात दारू पिऊन गाडी चालवणारा प्रत्येकजण कायम पहिलटकरच असतो. न्यायालयाचा निकाल परवाना क्रमांकासह त्याच आठवड्यात सारथीवर चढला, तर दोन वर्षांची कैद आणि परवाना रद्द होणे या दोन्ही तरतुदी पहिल्यांदाच कामाला लागतील. दुसऱ्या वेळी मात्र आम्ही कैदच मागतो, थोड्या दिवसांची का असेना; आणि सुटल्यावर परवाना नव्याने मागताना व्यसनमुक्ती केंद्राचे प्रमाणपत्र.

उत्पादन शुल्क खात्याला स्वतंत्र पत्र पाठवत आहोत. राज्यात कडक मद्यासाठी वय २५ आणि बिअर-वाइनसाठी २१ असताना ओळखपत्र कोण मागते, हा त्यांचा विषय.

परिवहन आयुक्तांना शेवटचे. खासगी ट्रॅव्हल्सच्या बस, शाळेच्या बस आणि कंपन्यांच्या कॅब यांच्या परवान्याच्या अटींत सुटण्याच्या जागी चालकाची श्वासचाचणी आणि तिची वेळेसह नोंद घाला. आकडा ३० च्या खाली असला तरी शून्य नसेल तर त्या फेरीला दुसरा चालक. नोंदवही आरटीओच्या वायुवेग पथकाने कधीही मागावी, न मिळाल्यास कारवाई मालकावर व्हावी. सुरुवात शाळेच्या बसपासून करा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्या तपासणीला येतातच, तेव्हाच ही अट कागदावर घेता येईल.

कळावे,

मोटार अपघात खटल्यांतील काही वकील, शासकीय व पालिका रुग्णालयांतील काही वैद्यकीय अधिकारी आणि न्यायवैद्यक विश्लेषक